खरखर कुठून येते

वन्संना कशाकशाची भीती वाटत नाही हे सांगणं जास्त सोपं, कारण ती यादी लहान आहे. भीती मात्र लिफ्टची वाटते, कुत्र्याची वाटते, गॅसच्या शेगडीची, उंच शिडीची, रात्री वाजणाऱ्या फोनची आणि दिवसभर न वाजलेल्या फोनचीही. रस्ता ओलांडायचा तर त्या आधी समोरून कुणी ओळखीचं येतंय का बघतात, म्हणजे त्याच्या भरवशावर पलीकडे जाता येईल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण कुणीतरी आमच्या घरात डोकावूनच केली असावी.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. स्थळं आली होती, पण प्रत्येक स्थळ त्यांना लांबचं वाटलं. एक तर याच गावातलं होतं, फक्त नदीच्या पलीकडचं. पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून त्या शिवण करतात. पडदे, गाद्यांच्या खोळी, सोफ्याचे अभ्रे. हात असा की शिलाई कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते शोधून दाखवावं. मी त्यांच्या अगदी उलट. फटकळ म्हणून माहेरी प्रसिद्ध होते, आता सासरीही आहे. भीती म्हणजे काय हे मला ऐकूनच माहीत होतं, असं मी समजत होते.

तर अशा या बाईचा एकच नाद, आणि तो रेडिओचा. गाणी ऐकायचा नाही हं. लांबची स्टेशनं पकडायचा.

हे मला लग्नानंतर बरेच दिवस कळलंच नव्हतं. मला वाटायचं, यांचा रेडिओ बिघडलाय आणि या भोळेपणाने तो कानाला लावून बसतात. मग एकदा त्यांनीच समजावून सांगितलं. दिवसा रेडिओवर आपल्या गावचं स्टेशन लागतं आणि फार तर शेजारच्या शहराचं. बाकी पट्टी रिकामी, नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज. पण सूर्य खाली गेला की आकाशात वरती काहीतरी बदलतं आणि लांबून निघालेल्या लहरी तिथे आपटून परत खाली येतात. मग एकेक स्टेशन वर यायला लागतं. डोंगरापलीकडची, समुद्रापलीकडची, जिथली भाषा आपल्या सात पिढ्यांनी ऐकली नसेल अशी. दोन बसथांब्यांपलीकडे एकटी न जाणारी ही बाई, आणि कान मात्र रोज संध्याकाळी समुद्र ओलांडून यायचे.

भाषा कळत नसल्यामुळे त्यांनी स्टेशनांना आपलीच नावं ठेवली होती. एक खोकलेवाले, कारण तिथला बातम्या वाचणारा दर दोन वाक्यांनी खोकायचा. एक झोपाळा, कारण त्याचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, परत जवळ यायचा. एक सासूबाई, ती निवेदिका कायम रागावलेलीच वाटायची. "आज सासूबाई लवकर आल्या," असं त्या म्हणाल्या की मी मुद्दाम डोक्यावर पदर घेतल्याची नक्कल करायचे आणि त्या तोंडावर हात धरून हसायच्या.

नाद लागला कसा, तेही भीतीतूनच. आई लवकर गेली. बाबा, म्हणजे माझे सासरे, मालट्रक चालवायचे, आठ-आठ दिवस बाहेर. घरात ही मुलगी आणि तिच्याहून लहान भाऊ. अंधार पडला की ही दाराची कडी पुन्हा पुन्हा बघायची. बाबा वाटेतून फोन करायचे, आज अमुक शहरात मुक्काम आहे म्हणून. मग ही रेडिओ घेऊन त्या शहराचं स्टेशन शोधत बसायची. सापडलं की तिला वाटायचं, हां, ते गाव आहे, तिथे दिवे लागलेत, माणसं जागी आहेत, म्हणजे बाबाही आहेत. मग झोप यायची. हे त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, सहज. मला नेमकं त्याच वेळी कांदे आठवले आणि मी उठून गेले.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बाबांना झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात तेवढा चालायचा. तोंडातून एकच 'अ' निघायचा. लांब, आखूड, वर, खाली, पण 'अ'च. समजत सगळं होतं. डोळ्यांवरून दिसायचं की समजतंय. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की हा पहिला होता म्हणून निभावलं, दुसरा आला तर हाताला काही लागणार नाही. नवऱ्याने ते मला सांगितलं आणि मी, कुणीतरी सांगायलाच हवं म्हणून, वन्संना सांगितलं. त्या दिवसापासून त्यांच्या बाकीच्या सगळ्या भीती एकदम निवृत्त झाल्या. कुत्री, लिफ्ट, गॅस, सगळं मागे पडलं. एकच उरली. दुसरा झटका कधी येतो.

बाबांचा पलंग पुढच्या खोलीत होता. भाड्याने आणलेला, चाकांचा, दवाखान्यात असतो तसा. डोक्याकडची बाजू रस्त्याकडच्या भिंतीला टेकवलेली. दिवसभर सांभाळायला एक बाई यायच्या, आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. त्या पाचला जायच्या. नवऱ्याची शीतगृहात दुसरी पाळी, तो दुपारी जायचा. म्हणजे संध्याकाळी घरात आम्ही तिघंच. वन्सं दुकानातून आल्या की हात-पाय धुऊन रेडिओ घेऊन बाबांच्या पायाशी खुर्ची टाकून बसायच्या. एक डोळा रेडिओच्या काट्यावर, एक बाबांच्या छातीवर. ती वरखाली होतेय ना.

थंडी पडायला लागली तसा आम्ही बाबांच्या खोलीत जुना हीटर लावला. ऊन गेलं की खोली गार पडायची. साधारण त्याच आठवड्यात नगरपालिकेने रस्त्यावरचे पिवळे दिवे काढून नवे पांढरे बसवले. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या समोरच एक खांब. आणि तेव्हापासून वन्संच्या रेडिओत खरखर सुरू झाली.

साधीसुधी नव्हे. तव्यावर पाणी शिंपडल्यावर होते तशी, तडतड, मध्येच थांबणारी, परत भडकणारी. नेमकी दिवेलागणीला, जेव्हा त्यांची लांबची पाहुणेमंडळी यायची वेळ. वन्संनी लगेच निदान केलं, "हे नवे दिवे. दिवा लागला की खरखर येते." आणि त्यांचं म्हणणं खोटं कसं म्हणणार? दिवे लागायचे, खरखर यायची. वन्संना त्यात एक युक्तीही माहीत होती. रेडिओच्या पोटात एक कांडी असते, त्यामुळे रेडिओला दिशा कळते. आवाज जिकडून येतो तिकडे रेडिओची अरुंद बाजू केली की तो आवाज मरतो. पूर्ण नाही, पण बराचसा. वन्सं रेडिओ मांडीवर ठेवून हळूहळू फिरवायच्या, आणि त्याचं टोक बाबांच्या डोक्याकडच्या भिंतीकडे आलं की खरखर बसायची. "बघ वहिनी," त्या म्हणायच्या, "बरोबर खांबाच्या दिशेला." खांब होताच त्या भिंतीपलीकडे. सरळ रेषेत.

याच सुमारास बाबा भिंत ठोकायला लागले.

पहिल्यांदा ठोकली तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत आले. उजवा हात डोक्यावरून मागे नेऊन मुठीने भिंतीवर ठक ठक. डोळे मोठे झालेले, तोंडाने 'अ अ अ'. वन्सं रेडिओ टाकून उभ्या, पांढऱ्याफटक. "वहिनी, आला. दुसरा आला."

मी नाडी बघितली, चेहरा बघितला, जीभ बाहेर काढायला लावली, सिस्टरांनी शिकवलं होतं ते सगळं केलं. काही नव्हतं. पाणी हवं? नको. लघवी? नको. पाय दुखतोय? नको. डोकं हलवून नको नको, आणि परत भिंतीवर ठक ठक. शेवटी दमून हात खाली पडला, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सिस्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दिवसा तर किती शांत असतात! संध्याकाळ झाली की म्हातारी माणसं घाबरी होतात, ताई. अंधाराचं असतं ते." हे आम्हाला पटलं. आमच्या घरात अंधाराची भीती काही नवीन नव्हती. मुलीला होती ती बापाला झाली, एवढंच.

पण त्यानंतर आमच्या घरात संध्याकाळ म्हणजे संकट झालं. चार वाजले की मला उगाच घड्याळाकडे बघायची सवय लागली. सिस्टर निघाल्या, दार लागलं, की घर एकदम मोठं वाटायचं. वन्सं घरी यायच्या त्या जिन्यातूनच कान देत यायच्या. हीटर लावायचा, बाबांच्या अंगावर पांघरूण घालायचं, आणि मग दोघींनी जीव मुठीत धरून वाट बघत बसायचं. रस्त्यावरचा दिवा लागायचा. बाबांचे डोळे भिंतीकडे वळायचे. आणि ठोकणं सुरू. एवढ्याशा मुठीचा तो आवाज, पण दर वेळी मी दचकून उभी राहायचे. मी रागवायचे सुद्धा. भीती वाटली की मला राग येतो, हे मला तेव्हा कळलं.

वन्संना वाटायचं, रेडिओ लावला तर त्यांचं मन रमेल. पण रेडिओतून खरखर आली की बाबा जास्तच करायचे. रेडिओकडे बोट करायचे, मग भिंतीकडे, मग परत रेडिओकडे. 'अ! अ!' वन्सं म्हणायच्या, "हो बाबा, कळतंय, त्रास होतोय ना आवाजाचा? थांबा, घालवते." आणि मोठ्या मायेने रेडिओ फिरवून त्याचं टोक भिंतीकडे करून खरखर घालवायच्या. मागून कुठल्यातरी दूरच्या गावचं संथ गाणं वर यायचं. "झालं? आता बरं वाटतं?" बाबा त्यांच्याकडे नुसते बघत राहायचे. त्या बघण्याचा अर्थ आम्ही दोघींनी लावला की बाबांना बरं वाटलं.

ठोकून ठोकून बाबांच्या बोटांची सालं निघाली. वन्संच्याने ते बघवेना. एका रविवारी बसून त्यांनी भिंतीसाठी गादी शिवली. उशीएवढी रुंद, चांगली जाड, आत कापूस ठासून भरलेला, वर मऊ कापड, कडेला दुहेरी शिलाई. ती बाबांच्या डोक्यामागे भिंत आणि पलंगाच्या मध्ये घट्ट बसवली. आता कितीही ठोकलं तरी हाताला लागणार नाही. आवाजही होणार नाही. बाबांनी ती गादी बसवताना बघितली. मग उजव्या हाताने ओढून काढायचा प्रयत्न केला. घट्ट होती, निघाली नाही. वन्संचं काम कधी कच्चं नसतं.

खोलीला थोडा जळका वास यायचा. हीटर जुना, त्यावरची धूळ जळत असेल, म्हणून मी तो दोनदा पुसला.

आता खांबावरच्या दिव्याला सोडायचं नाही असं वन्संनी ठरवलं. म्हणजे ठरवलं त्यांनी, भांडायला पाठवलं मला. वीज कार्यालयात अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांची पाचावर धारण. मी गेले, दोनदा गेले. मग एका दुपारी एक लाइनमन शिडी घेऊन आला. वर चढला, दिवा बघितला, खाली येऊन मला म्हणाला, "बाई, दिवा तर चांगला जळतोय."

"डोळ्यांना चांगला जळतोय," मी म्हटलं. "कानाला नाही जळत. रेडिओत खरखर येते त्याची."

"आता रेडिओ कोण ऐकतं?"

"माझी नणंद ऐकते. आणि आतमध्ये आजारी माणूस आहे, त्याला त्रास होतो. तुम्ही दिवा बदला, नाहीतर मी रोज येऊन तुमच्या साहेबांच्या टेबलासमोर बसेन. मला घरी फार काम नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, उसासा टाकला, वर चढला आणि दिवा काढूनच घेऊन गेला. "नवा आला की लावतो," म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच, पण हे कळायला अजून दोन-तीन तास होते. मला तर मोठा किल्ला जिंकल्यासारखं वाटत होतं. वन्सं आल्या तेव्हा मी खिडकीशी उभी राहून त्यांना रिकामा खांब दाखवला. त्यांनी आनंदाने माझा हातच धरला.

त्या संध्याकाळी त्यांनी चहासुद्धा घाईत घेतला. हीटर लावला, बाबांच्या पायाशी बसल्या. बाहेर अंधार उतरायला लागला. लांबचे खांब पेटले, आमच्या समोरचा नाही. रस्त्याचा तेवढा तुकडा काळा राहिला. मी दारात टॉवेलला हात पुसत उभी होते. वन्संनी माझ्याकडे बघून हसून रेडिओ लावला.

तडतड, तडतड.

वन्संचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. त्यांनी खिडकीकडे बघितलं. खांब काळाच होता. त्यांनी रेडिओचं टोक भिंतीकडे केलं, खरखर बसली. परत आडवा केला, उसळली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "दिवा बंद आहे."

"हो."

"मग हे कुठून येतंय?"

मी बाबांकडे बघितलं. ते ठोकत नव्हते त्या दिवशी. ते वन्संच्या हातातल्या रेडिओकडे बघत होते, टक लावून, आणि त्यांचा उजवा हात हवेत थोडासा उचललेला होता.

वन्सं उठल्या. रेडिओ छातीशी आडवा धरून एक पाऊल पुढे गेल्या. खरखर वाढली. अजून एक पाऊल. अजून वाढली. पलंगाच्या कडेने त्या बाबांच्या उशाशी पोचल्या तेव्हा रेडिओ असा किंचाळत होता की मला कानांवर हात ठेवावेसे वाटले. त्यांनी रेडिओ त्या गादीजवळ नेला. मग जे केलं ते करायला माझ्यासारखीनेही विचार केला असता. रेडिओ बाबांच्या पोटावर टाकला, दोन्ही हातांनी गादी धरली आणि पाय पलंगाच्या पट्टीला लावून मागे खेचली.

गादी निघाली. पाठीमागून ती तपकिरी झाली होती, आणि मध्यभागी तळहाताएवढा काळा डाग. भिंतीवर, गादी होती तिथे, रंगाखाली दबलेलं एक चौकोनी झाकण होतं. एवढी वर्षं त्या खोलीत झाडू मारला, ते माझ्या कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. झाकणाची एक कड वितळून उचलली होती आणि त्या फटीतून आत काहीतरी निळं, पिवळं, निळं होत होतं. आणि आवाज. रेडिओतला नव्हे, भिंतीतला. बारीक, तडतड तडतड. बाबांच्या कानापासून वीतभर.

"वहिनी, मेन! मेन बंद कर!"

मेन स्विच दाराच्या वर, उंच. मी स्टूल ओढलं, चढले, दांडा हाताला लागेना. लागला. खाली खेचला. सगळं घर अंधारात गेलं.

आणि त्या अंधारात रेडिओ, तो सेलवर चालणारा, एकदम स्वच्छ झाला. कुणीतरी बाई कुठल्यातरी भाषेत शांतपणे काहीतरी सांगत होती, शेजारच्या खोलीत बसून सांगावं इतकं स्पष्ट. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. स्टुलावर उभी होते आणि खाली उतरता येत नव्हतं. मला आगीची भीती वाटत होती, अंधाराची वाटत होती आणि त्या बाईच्या शांत आवाजाची सगळ्यांत जास्त वाटत होती.

"उतर," वन्संचा आवाज आला. "पलंग ओढायचाय. ब्रेक कुठे असतो याचा?"

ब्रेक फक्त सिस्टरांना माहीत. आम्ही दोघी अंधारात गुडघ्यांवर, चाकं चाचपडत. एक सुटला, दुसरा सुटला, तिसरा सापडेना. शेवटी ते चाक घासतच पलंग आम्ही दाराबाहेर काढला. वन्संनी ती गादी मोरीत नेऊन वर बादली ओतली. विझली असेल वाटलं होतं, पण पाणी पडल्यावर आतून धूर निघाला. कापूस आतल्या आत धुमसत होता. अजून किती वेळ धुमसत राहिला असता कोण जाणे.

विजेरी सापडल्यावर आम्ही बाबांकडे बघितलं. त्यांच्या डोक्याच्या मागचे केस थोडे पिवळे झाले होते. ते रडत होते, तोंड उघडं टाकून, आवाज न करता. वन्सं त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांचे तळहात भाजले होते, पण ते त्यांना अजून कळलं नव्हतं. बाबांचा उजवा हात त्यांनी हातात घेतला.

"बाबा, तुम्हाला हे ऐकू येत होतं?"

बाबांनी हात दाबला.

"रोज?"

दाबला.

"मी गादी लावली तेव्हा... तेव्हाही?"

मला वाटत होतं, यांनी आता विचारू नये. बाबांनी हात दाबला आणि सोडलाच नाही. वन्संच्या भाजलेल्या तळव्यावर त्यांची बोटं घट्ट बसली, आणि वन्संनी हात मागे घेतला नाही.

रात्री पाळी संपवून नवरा आला. विजेरीच्या उजेडात ती भिंत आणि मोरीतला तो काळा लगदा बघून तो तिथेच जमिनीवर बसला. सकाळी इलेक्ट्रिशियनने झाकण काढलं. आत दोन वायरी नुसत्या एकमेकींना पिळून ठेवलेल्या, वरची टेप वाळून गळालेली. हीटरचा सगळा भार त्या पिळावर. मागची लाकडी पट्टी कोळसा झाली होती. "आजचा दिवस निघाला असता का नसता," एवढंच तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य आमचे चेहरे बघून गिळलं. घरभर नवी वायर घातली. हीटर गेला. बाबांचा पलंग आमच्या खोलीत आला, भिंतीपासून सुटा, मधोमध, आणि आम्ही पुढच्या खोलीत.

वन्संनी मग रेडिओ लावलाच नाही. कपाटात ठेवून दिला. संध्याकाळी त्या बाबांचा हात धरून बसायच्या, पट्टी बांधलेल्या हातात. बाबा भिंत ठोकत नव्हते, ठोकायला जवळ भिंतच नव्हती. पण झोपतही नव्हते. डोळे सारखे छताकडे, कोपऱ्यांकडे, बटणांकडे. दिवा लागला की अंग आखडायचं. नव्या वायरीबद्दल आम्ही तिघांनी तीन तऱ्हांनी समजावलं. बाबांनी ऐकून घेतलं. आमचं त्यांनी आधीही पुष्कळ ऐकून घेतलं होतं.

मग एका संध्याकाळी त्यांनी कपाटाकडे बोट केलं. वन्सं म्हणाल्या, पाणी? चादर? 'अ.' नाही. 'अ!' बोट कपाटाकडेच. या वेळी वन्संनी अर्थ लावायची घाई केली नाही. उठून एकेक वस्तू काढून दाखवत गेल्या. रेडिओ निघाला तेव्हा बाबांचा हात खाली आला.

वन्संनी तो भीतभीतच लावला. बाबांनी हवेत बोट गोल फिरवलं. फिरव. वन्संनी रेडिओ मांडीवर ठेवून हळूहळू फिरवला. दाराकडे, कपाटाकडे, डोक्याकडच्या भिंतीकडे, खिडकीकडे. स्टेशनं जवळ आली, लांब गेली, एक बुडालं, दुसरं वर आलं. खरखर कुठेच नव्हती. बाबा कान देऊन ऐकत होते, श्वास धरून, पूर्ण फेरा होईपर्यंत. मग त्यांनी डोळे मिटले आणि झोपले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. दिवे लागले की रेडिओचा एक फेरा. मध्ये एखादं कधी न ऐकलेलं स्टेशन सापडलं तरी वन्सं थांबत नाहीत. एकदा थांबल्या होत्या, क्षणभरच, तर बाबांची मूठ पलंगाच्या दांडीवर आपटली आणि त्या आवाजाने आम्ही दोघी जागच्या जागी गार झालो. बाबांचा आमच्यावर विश्वास उरलेला नाही, रेडिओवर आहे. आम्हाला त्याचं वाईट वाटतं, पण त्यांना दोष कसा देणार?

आणि मी, कशालाही न भिणारी, रोज त्या वेळी स्वयंपाकघरात नळ बंद करून उभी असते. गॅसही कमी करते, फोडणीचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून. बाहेर रस्त्यावर दिवे लागतात, आत रेडिओ फिरत असतो, आणि मला भीती वाटते. नव्या वायरी आहेत, इलेक्ट्रिशियनने चार वेळा तपासल्यात, तरी वाटते.

"झालं का, वन्सं?" मी आतूनच विचारते.

"थांब," त्या हळू आवाजात म्हणतात, "अजून खिडकीकडची बाजू राहिलीय."